विकिपीडियाचा लेख वर्गात घ्यायचा, तर तो निवडायचा कसा?

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. द्वितीय वर्ष कला, यंदा वर्गात बत्तीस मुलंमुली आहेत. अंतर्गत मूल्यमापनासाठी आम्ही पूर्वी प्रकल्पवही घ्यायचो. मुलं रात्र रात्र जागून लिहायची, कव्हर घालायची, आणि निकाल लागला की वह्यांचे गठ्ठे रद्दीत जायचे. एका शिक्षकाखेरीज ते कुणी वाचलेलं नसायचं. म्हणून गेल्या वर्षी वहीच्या जागी मी मराठी विकिपीडियावर लेखन दिलं. कल्पना तेव्हाही पटली होती, आजही पटते. पण मी ती ज्या पद्धतीने राबवली त्यात मुलांचं नुकसान झालं. यंदा ते होऊ द्यायचं नाही, म्हणून हा धागा.

गेल्या वर्षी मी सांगितलं होतं, आवडीचा विषय घ्या, नवा लेख तयार करा, किमान आठशे शब्द हवेत. वीसपैकी दहा गुण शब्दसंख्येला. 'आवडीचा विषय' म्हटल्यावर सात जणांनी शिवाजी महाराज घेतले, तिघांनी आपलंच कॉलेज, एकाने सरपंच असलेल्या काकांवर लिहिलं. आणि आठशे शब्द आणायचे कुठून? मुलांनी ते ब्लॉगांवरून आणि वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवरून उतरवले. दोन दिवसांत लेखांच्या माथ्यावर साचे, म्हणजे सूचनेच्या तयार चौकटी, लागले, कुठे संदर्भ हवा, कुठे उल्लेखनीयता (विषय लेख करण्याजोगा आहे का), कुठे कॉपीपेस्ट. आठवड्याभरात निम्मे लेख काढले गेले. एक मुलगी मोबाईल घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. "मॅडम, माझं पानच दिसत नाहीये." तिने गावच्या यात्रेवर लिहिलं होतं, एकही ओळ कुठून उचललेली नव्हती. पण संदर्भही एक नव्हता. तिला काय सांगावं ते मला सुचलं नाही.

त्याच वर्गात घडलेली दुसरी गोष्ट सांगते, कारण माझा खरा प्रश्न तिच्यातूनच निघाला आहे.

साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटेची विहीर आहे. अष्टकोनी, दगडी, पायऱ्या उतरून आत गेलं की छोटासा महालच. तिच्यावर एका मुलाने धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, मजकूर लिहिला होता. पहिलं वाक्य, "या विहिरीचे बांधकाम १६४१ मध्ये सुरू होऊन १६४६ मध्ये पूर्ण झाले." दुसरं वाक्य, "ही विहीर छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई यांनी बांधली." मी त्याला एवढंच विचारलं, शाहू महाराजांचा जन्म कधीचा? त्याने शोधलं, १६८२. मग जन्माच्या चाळीस वर्षं आधी त्यांच्या काळात विहीर कशी होईल? तो गप्प बसला. दोन दिवसांनी धावत आला. शिलालेखातले आकडे शकाचे होते! शके १६४१ ते १६४६, म्हणजे अठ्ठ्याहत्तर मिळवून इ.स. १७१९ ते १७२४. त्याने ज्या ब्लॉगवरून उतरवलं होतं तिथे 'शके' हा शब्दच गळला होता. वीरूबाईंचं शाहू महाराजांशी नातं काय, हेही प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहिलेलं आहे, हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं. म्हणून पुस्तकात पक्कं सापडेपर्यंत नात्याचा शब्द त्याने पुढच्या मजकुरातून काढून टाकला.

त्या मुलाने एकूण एक शब्द वाढवला, एक खोडला आणि दोन आकडे बदलले. वर्षभरात माझ्या वर्गात झालेलं सगळ्यात मोलाचं काम ते होतं, आणि मी ठरवलेल्या गुणपद्धतीत त्याला त्याचा एकही गुण मिळाला नाही.

यंदा नवा लेख कुणीच करायचा नाही, असलेला लेख घ्यायचा आणि तो सुधारायचा, एवढं मी ठरवलं आहे. पण कोणता लेख सुधारण्याजोगा हे एकोणीस वर्षांच्या मुलाने ओळखायचं कसं? आणि गुण कशाला द्यायचे? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

---

जुनी पाटी | रविवार, रात्री १०:३५

ताई, मी बारा-तेरा वर्षं मराठी विकिपीडियावर लिहितो आहे. तुमच्यासारख्या वर्गांचे लेख 'अलीकडील बदल'मध्ये, म्हणजे ताज्या संपादनांच्या यादीत, एकामागून एक येऊ लागतात तेव्हा पलीकडे बसलेल्या माणसांपैकी मी एक. त्यामुळे ती बाजू आधी सांगतो.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. इतक्या वर्षांनंतरही रोज हात लावणारी माणसं मोजकीच आहेत, आणि ती नोकरीधंदा सांभाळून हे करतात. एका दुपारी तीस नवी पानं येतात तेव्हा प्रत्येक पान वाचायचं, मजकूर कुठून आलाय ते शोधायचं, नवख्याला चर्चा पानावर समजावून सांगायचं, हे त्या संध्याकाळी होत नाही. मग साचा लागतो किंवा पान जातं. त्या यात्रेवाल्या मुलीचं पान काढणाऱ्याने तिला दोन ओळी लिहायला हव्या होत्या. त्या राहिल्या याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२०११ साली पुण्यातल्या काही महाविद्यालयांत इंग्रजी विकिपीडियासाठी असाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला होता. शेकडो विद्यार्थी एकदम उतरले. मजकूर पुस्तकांतून, संकेतस्थळांवरून जसाच्या तसा येऊ लागला, प्रताधिकारभंग इतका वाढला की तो निस्तरता निस्तरता जगभरचे स्वयंसेवक थकले आणि वर्ष संपायच्या आत प्रयोग थांबवावा लागला. मुलं वाईट नव्हती. संख्या फार होती, तयारी कमी होती, आणि गुण लिहिण्याला होते, वाचण्याला नव्हते. तुमच्याकडे जे झालं ते त्याचंच लहान रूप.

आता निवडीबद्दल. मुलांना मोबाईलवर लेख शोधायला सांगू नका. त्यांना आधी तुमच्या ग्रंथालयात न्या. कपाटात आपल्या तालुक्याबद्दल, नदीबद्दल, पिकांबद्दल, जुन्या अवजारांबद्दल, लेखकांबद्दल कोणती पुस्तकं आहेत ते बघू द्या. ज्या विषयावर दोन-तीन भरवशाची, एकमेकांशी संबंध नसलेली पुस्तकं हातात आहेत, तोच विषय घ्यायचा. मग त्या विषयाचा लेख विकिपीडियावर उघडायचा. बहुतेक ठिकाणी लेख असतो, पण चार-सहा ओळींचा, किंवा लांबलचक आणि बिनसंदर्भाचा. दुसऱ्या प्रकारचा लेख वर्गासाठी उत्तम. मुलाने कागदावर प्रत्येक वाक्य उतरवायचं आणि समोर लिहायचं, हे कुठल्या पुस्तकात आहे? जिथे रकाना रिकामा राहील तिथे काम आहे.

काय घेऊ नये तेही सांगतो. हयात व्यक्ती नको. जातींचे, घराण्यांचे, सणांच्या उगमाचे लेख नवख्यांनी घेऊ नयेत. तिथे रोज ओढाताण चालते आणि मुलं मध्ये सापडतात. औषधं, आजार नकोत. आपलं गाव चालेल, पण आपलं घर, आपलं कॉलेज, आपले नातेवाईक नकोत. आणि शिवाजी महाराजांचा लेख तर नकोच. ज्या लेखावर आधीच शंभर जणांचं लक्ष आहे तिथे नवख्याचं वाक्य टिकत नाही आणि का टिकलं नाही तेही त्याला कळत नाही. त्यापेक्षा 'पाट', 'बारव', 'थारोळे' असे विषय बघा. तिथे गर्दी नसते.

गुणांबद्दल माझी एकच कळकळीची विनंती आहे. लेखात मजकूर टिकला की नाही यावर गुण ठेवू नका. टिकणं मुलाच्या हातात नसतं. गुण टिकण्यावर ठेवले की उलटवलेलं, म्हणजे कुणी काढून टाकलेलं, वाक्य मुलं परत परत घालत बसतात, आणि शेवटी खातं बंद होतं.

---

टंकलेखक | सोमवार, सकाळी ७:५०

थोडं तांत्रिक.

एका इंटरनेट जोडणीवरून चोवीस तासांत सहाच नवी खाती उघडता येतात. संगणक कक्षात बत्तीस मुलं एकदम बसवलीत तर सातव्यापासून सगळी अडकतील, आणि मुलांना वाटेल आपलंच काही चुकलं. खाती आठवडाभर आधी घरून, आपापल्या मोबाईलवर उघडायला सांगा, किंवा प्रचालकांना, म्हणजे विकिपीडियाची व्यवस्था बघणाऱ्या सदस्यांना, आधी कळवा.

संगणकावर विकिपीडियाच्या खिडकीत कंट्रोल आणि एम दाबलं की मराठी टंकन चालू होतं, वेगळा फाँट लागत नाही. कुणाकडे जुन्या डीटीपीचा मजकूर असेल तर तो चिकटवू नका, युनिकोड नसल्यामुळे नुसती चिन्हं उमटतात. आणि मोबाईलवर 'ऱ्य', 'ऱ्ह' आधी सराव करून घ्या. 'पायऱ्या'चं 'पायर्‍या' आणि 'पायर्या' दोन्ही होतं आणि मग शोधात लेख सापडत नाही.

प्रत्येकाचं खातं वेगळं हवं. गटाला एक खातं चालत नाही.

---

माहीमकर | सोमवार, दुपारी १:२०

मला यातली एक गोष्ट खटकते आणि ती स्पष्ट लिहितो. वही तुमच्या कपाटात राहते. विकिपीडियावर लिहिलेलं प्रत्येक अक्षर वेळेसकट इतिहासात राहतं, चुकलेलंसुद्धा. एकोणीस वर्षांच्या मुलीने खऱ्या नावाने खातं उघडलं आणि तिच्या चर्चा पानावर अनोळखी माणसं लिहायला लागली, तर जबाबदारी कुणाची? गुणांसाठी सक्ती करताना याचा विचार व्हायला हवा. माझी मुलगी याच वयाची आहे म्हणून लिहितोय.

---

जुनी पाटी | सोमवार, दुपारी २:०५

माहीमकर, अगदी योग्य मुद्दा. खऱ्या नावाची गरज नसते, आणि वर्गात तर ते वापरूच नये. हजेरी क्रमांक, कॉलेजचं नाव, गावाचं नाव यांपैकी काहीही सदस्यनावात नको. फूल, पक्षी, नदी, काहीही चालतं. कोणाचं कोणतं नाव आहे त्याची यादी फक्त शिक्षकाच्या वहीत असावी. आणि ज्याला जाहीर लिहायचं नाही त्याला तेच काम कागदावर करायची मुभा हवी, तितक्याच गुणांना.

---

ग्रंथपाल | सोमवार, सायंकाळी ६:१५

कृष्णाकाठताई, सातारा जिल्ह्यात असून तुमच्याजवळ काय आहे ते आधी मुलांना दाखवा. मराठी विश्वकोशाचं काम वाईतून चालतं. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष आणि प्रमुख संपादक, पहिला खंड १९७६ मध्ये आला, आणि आज वीस खंड आहेत. एका नोंदीमागे लेखक, संपादक, भाषा तपासणारा अशी किती माणसं बसत असत हे मुलांना वाईत नेऊन सांगितलंत तर 'विश्वकोश' या शब्दाचं वजन त्यांना कळेल. विश्वकोशाचा मजकूर उचलायचा नाही. नोंद वाचायची, खंड मिटायचा, मग आपल्या शब्दांत लिहायचं, आणि खाली खंड नि पान द्यायचं.

जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, दोन आवृत्त्यांत आहे, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला एकोणिसावा खंड १८८५ चा आणि महाराष्ट्र शासनाचा १९६३ चा. दोन्ही शेजारी ठेवून एकाच गावाची नोंद वाचायला लावा. ऐंशी वर्षांत काय बदललं ते मुलंच सांगतील. पण १८८५ चं गॅझेटियर इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेने लिहिलेलं आहे, विशेषतः समाजांच्या वर्णनात. तिथे "गॅझेटियरच्या मते" असं म्हणूनच लिहायचं.

आणि डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश, तेवीस खंड. केतकर १९३७ साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी प्रताधिकार संपतो, म्हणजे त्यांचं स्वतःचं लेखन आता मुक्त आहे. तरी मुलांनी ते उतरवू नये असं मला वाटतं. शंभर वर्षांपूर्वीची माहिती आहे, भाषाही तेव्हाची. पण एखादा माणूस पदरमोड करून, भागीदार जमवून मराठीत ज्ञानकोश काढायला निघतो, त्याचा प्रस्तावना खंड हातात तरी घेऊ द्या.

---

रानवाटा | सोमवार, रात्री ११:४०

मॅडम, मी गेल्या वर्षी तुमच्याच वर्गात होते. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखाल.

मी मोटेवर, म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायच्या चामडी पिशवीवर, लिहिलं होतं. माझे आजोबा मोट हाकायचे, आमच्या विहिरीवर इंजिन बसेपर्यंत. मी त्यांच्याजवळ बसून लिहून घेतलं. बैल ज्या उतारावरून खाली जातात ती धाव. मोटेच्या तोंडाला बांधलेला जाड दोर नाडा, आणि खालच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर सोंदूर. बैल धावेवरून उतरले की मोट वर येते, सोंदुरामुळे सोंड आधीच वाकून असते, आणि पाणी थारोळ्यात पडतं, तिथून पाटात जातं. आजोबा हे सांगताना हात दोर धरल्यासारखे धरायचे. सोंदूर हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. घरात आईलाही माहीत नव्हता.

मी ते सगळं लिहिलं आणि संदर्भ म्हणून आजोबांचं नाव आणि वय दिलं. एका सदस्याने ते काढलं आणि लिहिलं, "व्यक्तिगत माहिती, प्रकाशित संदर्भ द्यावा." मला तेव्हा खूप राग आला होता. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाने जन्मभर केलेलं काम खोटं आणि कुणीतरी पुण्यात बसून छापलेलं पुस्तक खरं, असं वाटलं. मी विकिपीडिया बंदच केला.

मग परीक्षा झाल्यावर तुम्ही मला ग्रंथालयात बोलावलंत आणि दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड टेबलावर काढून ठेवलेत. आपण सोंदूर शोधला. सापडला! मग नाडा, धाव, थारोळे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशातही मोटेचे शब्द होते. त्या दिवशी घरी जाऊन आजोबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग मी काय वेगळं सांगत होतो?"

मी तो मजकूर परत लिहिला, कोशाचं पान देऊन, आणि यावेळी तो कुणी काढला नाही. मला एवढंच सांगायचं आहे की नव्या मुलांना आधी घरी विचारू द्या, आणि मग पुस्तकात शोधू द्या. आजोबांनी शब्द दिला नसता तर मी कोशात शोधलं काय असतं? कोश उघडायलाही आधी शब्द माहीत असावा लागतो.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ६:३०

ओळखलं गं. आजोबांना नमस्कार सांग.

तुझं हे वाचून काल रात्री झोप लागली नाही. घरी विचारायचं हा टप्पा मी यंदाच्या आराखड्यात ठेवलाच नव्हता. थेट ग्रंथालयापासून सुरुवात होती. बदलते.

ग्रंथपाल, दोन्ही गॅझेटियर शेजारी ठेवण्याची कल्पना उद्याच वापरते. माहीमकर, कागदावर काम करण्याचा पर्याय नक्की देणार, आणि सदस्यनावांचंही तसंच करणार.

---

नीलांबरी | मंगळवार, सकाळी ८:१५

मी न्यू जर्सीत आहे, इथल्या मराठी शाळेत मोठ्या मुलांना शिकवते. चौदा-पंधरा वर्षांची, घरी मराठी बोलणारी, पण वाचताना अडखळणारी मुलं. त्यांच्याकडून नवं लेखन होत नाही. म्हणून मी त्यांना एकाच विषयाचे इंग्रजी आणि मराठी लेख शेजारी उघडायला सांगते आणि मराठीत काय खटकतं ते शोधायला लावते. यंत्राने भाषांतर केलेली वाक्यं ती लगेच ओळखतात, कारण "आजी असं बोलत नाही."

गेल्या महिन्यात एकीने भाषांतराच्या अवजारात पायऱ्यांच्या विहिरींचा परिच्छेद टाकून पाहिला. आलं 'पायरी विहीर'. मी विचारलं, आपल्याकडे याला शब्द आहे का? तिने भारतात आजीला फोन लावला. आजी म्हणाली, "बारव." त्या एका शब्दावर आमचा अख्खा तास गेला, आणि मला तो वाया गेला असं मुळीच वाटत नाही. रानवाटाने लिहिलंय ते इतक्या दूरही तसंच घडतं.

कृष्णाकाठताई, भाषांतर करून लेख वाढवायला तुम्ही परवानगी देणार का? माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी देऊ नका.

---

गोंयकार | मंगळवार, दुपारी १२:४०

वर विश्वकोशाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्याकडे गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्यात खुला केला, म्हणजे नाव देऊन त्यातला मजकूर विकिपीडियावर वापरता येतो. कोंकणी विकिपीडिया स्वतंत्रपणे २०१५ साली उभा राहिला, त्याला याचा मोठा आधार झाला. लहान भाषेत विद्यार्थ्याच्या हाताखाली असं काही पक्कं असलं की सुरुवात सोपी होते. पण तिथेही माझा अनुभव हाच, की मजकूर आणून टाकणं लवकर होतं आणि त्याचा तपास रखडतो.

---

ज्ञानदा | मंगळवार, रात्री ९:००

मी नाशिककडे शिकवते. यंदाचा माझा अनुभव थोडा वेगळा आहे आणि तो तुमच्या आराखड्यात यायला हवा.

एका मुलाने द्राक्षबागांच्या लेखात सुंदर परिच्छेद लिहिला. भाषा स्वच्छ, तीन संदर्भ, लेखक, प्रकाशक, साल, पान सगळं. मला बरं वाटलं. मग त्यातलं एक पुस्तक मलाच वाचावंसं वाटलं म्हणून शोधायला गेले, तर ते पुस्तक अस्तित्वातच नाही. दुसरंही नाही. त्याने चॅटजीपीटीला विचारलं होतं आणि मिळालेलं जसंच्या तसं टाकलं होतं. तो फसवत नव्हता. पुस्तकाचं नाव, पान क्रमांक इतका नेमका दिलाय म्हणजे पुस्तक असणारच, असा त्याचा भाबडा विश्वास होता.

तेव्हापासून माझा नियम एकच. संदर्भ दिला की त्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटो मला दाखवायचा. तो विकिपीडियावर चढवायचा नाही, फक्त मला दाखवायचा. पुस्तक हातात धरल्याशिवाय संदर्भ नाही. याने संदर्भ कमी झाले, वीसवरून सातावर आले, पण ते सातही मी डोळे मिटून मान्य करते.

---

जुनी पाटी | मंगळवार, रात्री १०:१०

ज्ञानदाताई, हा नियम आम्हालाही हवा होता. बिनसंदर्भाचं वाक्य निदान दिसतं. खोटा संदर्भ जोडलेलं वाक्य वर्षानुवर्षं तसंच राहतं, कारण वाचणाऱ्याला वाटतं कुणीतरी तपासलंय.

कृष्णाकाठताई, गुणांचं काय ठरलं?

---

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ८:४५

ठरलं. विभागप्रमुखांशीही बोलणं झालं. लिहिते, कुणाला चुकीचं वाटलं तर सांगा, अजून वेळ आहे.

मुलांच्या जोड्या करणार, म्हणजे सोळा जोड्या. पहिल्या आठवड्यात लेखन काहीच नाही. घरी, गावात विचारायचं आणि प्रत्येकाने असे पाच शब्द किंवा गोष्टी आणायच्या ज्या त्याला स्वतःला माहीत नव्हत्या. दुसऱ्या आठवड्यात ग्रंथालय. त्या पाचांपैकी पुस्तकात काय सापडतं ते बघायचं, आणि जे दोन ठिकाणी सापडेल त्याचाच लेख उघडायचा. न सापडलेलं फेकून द्यायचं नाही, ते वेगळ्या वहीत राहील. ती वही मी विभागात जपणार आहे, रद्दीत देणार नाही.

मग लेखाचं वाक्यावाक्याने परीक्षण, जुनी पाटी यांनी सांगितलं तसं, समोर रकाना. याला आठ गुण. सगळ्यात जास्त गुण याला, कारण लिंबच्या विहिरीचा तो मुलगा नेमकं हेच करत होता. पाच गुण संदर्भांना, पानाच्या फोटोसह. चार गुण धूळपाटीवरच्या लेखनाला, दोनशे शब्दांच्या वर जायचं नाही. आणि तीन गुण चर्चा पानावर कुणाशी कसं बोललात त्याला. मजकूर उलटवला गेला तर चिडून परत घालायचा नाही, विचारायचं. प्रत्येकाचं योगदान आणि दोन आवृत्त्यांमधला फरक इतिहासात दिसतोच, त्यामुळे जोडीत कुणी किती केलं तेही मला बघता येईल. लेखात ते टिकलं की नाही, त्याला शून्य गुण.

भाषांतर यंदा नाही, नीलांबरीताई. खाती घरून, आठवडाभर आधी. चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर, आपल्या वर्गाबद्दल मी आधी लिहून ठेवणार आहे, म्हणजे पलीकडच्या माणसांना कळेल की ही मुलं कोण. आणि मी स्वतःही खातं उघडलं आहे. काल पहिलं संपादन केलं, एका नदीच्या लेखात एक संदर्भ जोडला. अर्धा तास लागला. मुलांना मी गेल्या वर्षी काय करायला सांगितलं होतं ते काल खरं समजलं.

यात्रेवाल्या मुलीला फोन केला होता. ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. १९६३ च्या गॅझेटियरमध्ये जिल्ह्यातल्या यात्रांची माहिती आहे असं सांगितलं, तर म्हणाली, "मॅडम, मी येऊन बघू का?"

---

टंकलेखक | बुधवार, रात्री ९:२०

दोनशे शब्दांची वरची मर्यादा फार आवडली. चावडीवर लिहाल तेव्हा सदस्यनावांची यादी देऊ नका, फक्त वर्ग आणि तारखा द्या.

---

माहीमकर | बुधवार, रात्री ९:५०

माझ्या शंकेचं निरसन झालं. मुलीला हा धागा वाचायला देतो.

---

रानवाटा | बुधवार, रात्री १०:३०

मॅडम, एक विचारायचं होतं. आजोबांकडे मोटेच्या तोंडाचं लोखंडी कडं अजून आहे, गोठ्यात टांगलेलं. चामडं केव्हाच गेलं. त्याचा फोटो लेखात चालेल का, की त्यालाही पुस्तक लागेल?

---

जुनी पाटी | बुधवार, रात्री १०:४५

फोटोला पुस्तक लागत नाही. तू स्वतः काढ, मोबाईलवर चालेल. कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या साठ्यावर, चढवताना 'स्वतःचे काम' निवड आणि मुक्त परवाना दे. वर्णनात कडं म्हणजे काय, मोटेत ते कुठे बसायचं ते मराठीत लिही. गावाचं नाव नको असेल तर फक्त जिल्हा दे. आणि शक्य झालं तर शेजारी एक पट्टी ठेव, म्हणजे मोटेचं तोंड केवढं होतं ते बघणाऱ्याला कळेल.

---

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री १०:५५

आणि फोटो काढायच्या आधी पुसू नकोस. आहे तसंच राहू दे. शनिवारी ग्रंथालय दहाला उघडतं, मुलंही तेव्हाच येणार आहेत. आजोबांना जमत असेल तर त्यांनाही घेऊन ये, मी रिक्षा पाठवते.

---

रानवाटा | बुधवार, रात्री ११:०५

विचारलं. येतो म्हणालेत. फेटा शोधायला सांगितलाय.